घळीतल्या नलूताई

घळीच्या तोंडाशी आलं की नलूताई सायकलवरून उतरायच्या, पिशवीतून एक जुनं फडकं काढायच्या आणि घंटीला गच्च बांधून टाकायच्या. खडकाळ वाटेवर घंटी आपोआप किणकिणते, ते त्यांना खपायचं नाही. पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत गेले तेव्हा मला हसू आलं. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्याही घंटीला चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "मंदा, हितून पुढं बोलायचं न्हाई. बोलायला हप्ताभर दूध संघ हायेच की."

आम्ही दोघी सहकारी दूध संघात नोकरीला. मी बीड शहरातून नुकतीच आलेली, शीतकरण केंद्रावर दूध तपासायची. नलूताई पर्यवेक्षिका. गावोगावच्या दूध सोसायट्या बघत त्यांची हयात सायकलवर चाललेली. उंच, सावळ्या, सडपातळ. पदर कमरेला खोचला की कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. मूळच्या तलवाड्याच्या. वडिलांनी धम्म घेतला त्या वर्षी आपला जन्म, असं त्या अभिमानानं सांगत. लग्न केलं नव्हतं. का, असं एकदा कुणीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "डबलसीट चालवायला जमत न्हाई मला."

सगळा आठवडा कामासाठी सायकल मारून माणूस रविवारी पुन्हा सायकलवरच का बसतो, हे मला कळत नसे. पण त्यांचा रविवार घळीचाच. बालाघाटाच्या डोंगरात नदीनं कोरलेली ती अरुंद घळ. निजामाच्या काळातला एक रस्ता तिच्या काठाकाठानं जायचा. पुढं पूल वाहून गेला, वरून नवा घाटरस्ता झाला आणि ही वाट सगळे विसरले. ना ट्रक, ना एसटी, ना फटफटी. दोन्ही बाजूंना काळे कडे, त्यांत पारव्यांची घरटी, वाटेवर करवंदीच्या जाळ्या आणि सायकलच्या चाकाखाली वाळू चिरडल्याचा आवाज. तेवढाच. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. नदी कोरडी ठाक होती. फक्त घळीच्या मध्यावर एका कड्याखाली डोह शिल्लक होता. त्याच्या पाझरावर खालच्या अंगाची विहीर जिवंत होती आणि त्या विहिरीवर आसपासच्या गावांची जनावरांची छावणी.

"डोह हाय तवर छावणी हाय," नलूताई म्हणायच्या. "अन् छावणी हाय तवर आपला दूध संघ हाय. न्हाईतर कशाची फॅट तपासशील, मंदा?"

त्या रविवारी घळीत शिरलो आणि थोड्या वेळात नलूताईंनी ब्रेक दाबला. हात वर केला. मलाही ऐकू आलं. डग-डग-डग-डग. घळीत असा आवाज कधीच नव्हता. कड्यांवर आपटून तो चारी बाजूंनी येत होता. पारवे कुठं दिसेनात. नलूताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पायडल मारलं, पण आता सावकाश.

वळण घेतलं आणि दिसलं. डोहाच्या काठावर डिझेलचं इंजन बसवलेलं. जाड पाइप कड्यावरून वर चढत गेलेला. वरच्या अंगाला संघाच्या चेअरमनसाहेबांची मोसंबीची बाग होती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. डोहाची ओली खूण खडकावर पुरुषभर उंच राहिली होती आणि पाणी खाली, तळाशी. कडेच्या चिखलात मासे तडफडत होते.

दोन माणसं होती. एक म्हातारा, हातात कुदळ. दुसरा तिशीतला, भरदार, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो पुढं आला.

"ओ बाई, हिकडं कुठं?"

"हिकडंच. आमची नेहमीची वाट हाय," नलूताई म्हणाल्या. "हे कुणाचं इंजन?"

"ज्याचं हाय त्याचं हाय. गुमान माघारी जा."

नलूताई सायकल स्टँडवर लावून माझ्याजवळ आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "तू छावणीत जा. माणसं घेऊन ये. मी बसते हितं."

"तुम्ही एकट्या?"

"एकटी कुठं? हे दोघं हायेत की."

मी सायकलवर बसले, तेवढ्यात त्या माणसानं माझं हँडल धरलं. त्याच्या मनगटावर डिझेलचे डाग होते, ते अजून आठवतात. नलूताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हँडल सोड." त्यानं त्यांच्याकडे बघितलं. त्या तशाच उभ्या. त्यानं हँडल सोडलं.

मी कशी निघाले मला माहीत नाही. गोटे, वाळू, बाभळीच्या फांद्या. दोनदा सायकल घसरली, गुडघा सोलला. पाठीमागून इंजनाचा आवाज येत होता आणि तो येतोय तोवर मला धीर होता, कारण तो येतोय म्हणजे तिथं अजून काही बदललेलं नव्हतं. मग एकाएकी आवाज थांबला.

घळ गप्प झाली. इतके महिने त्या शांततेसाठी आम्ही तिथं जायचो आणि त्या दिवशी त्याच शांततेनं माझ्या अंगावर काटा आला. इंजन कुणी बंद केलं? आणि कशासाठी? माघारी वळावं असं वाटलं. पण त्यांनी सांगितलं होतं छावणीत जा, म्हणून गेले. पुढच्या चाकात काटा शिरला, तर नुसत्या रिमवर खडखडत गेले.

छावणीत शब्द पडताच माणसं उठली. कुणी काठी, कुणी पहार, कुणी बैलाच्या जुवाची लाकडी खुंटी, शिवळच उपसून घेतली. "कोण हाय त्यो? दाखवाच!" बायकाही निघाल्या. मी सायकल तिथंच टाकून त्यांच्यापुढं पळत सुटले. मला एकच भीती, नलूताई कशा असतील.

त्या एका खडकावर बसल्या होत्या. उजव्या तळहाताला घंटीचं फडकं ओलं करून गुंडाळलेलं. त्यांची सायकल चिखलात आडवी, पुढचं चाक वाकडं झालेलं. म्हातारा पळून गेला होता. दुसरा मात्र त्यांच्यासमोर मान खाली घालून उकिडवा बसला होता.

"हाणा ह्याला!" मागून आरोळी आली आणि माणसं मला ढकलून पुढं घुसली. एकानं पहार उचललीसुद्धा. नलूताई मध्ये उभ्या राहिल्या.

"थांबा! इंजन ह्यानंच बंद केलंय."

"अन् तुमची सायकल?"

"मी पडले."

"अन् हाताला काय झालं?"

"पडल्यावर लागतंयच की हाताला."

पहारवाला त्या माणसाकडे वळला. "खरं का बे?"

तो नलूताईंकडे बघत राहिला. पहार अजून वरच होती.

"हौ," तो शेवटी म्हणाला. "मीच केलं बंद."

"ह्याचं नाव भागवत," नलूताई म्हणाल्या. "ह्याची दोन बैलं अन् गाय तुमच्याच छावणीत हायेत. इचारा ह्याला."

गर्दीतल्या एकानं त्याला ओळखलं. पहार खाली आली. मग भागवतनं स्वतःच पाइप ओढून काढला आणि चार माणसांनी मिळून इंजन डोहापासून दूर नेलं.

परत येताना आम्ही त्यांची वाकडी सायकल उचलून चालत होतो. मी नियम मोडून विचारलं, "खरंच त्यानं बंद केलं?"

"न्हाई. मी केलं. सायलेन्सरला हात भाजला. त्यानं रागानं सायकल फेकली. मग मी इचारलं, तुझी जनावरं कुठं बांधलीत? तर म्हणतो, छावणीत. अन् मग रडाय लागला."

"मग त्याचं नाव कावून पुढं केलं?" मीही त्यांच्यासारखीच बोलून गेले.

त्या जरा हसल्या. "अगं, आता गावासमोर त्यानं बंद केलंय. उद्यापासून त्याला तसंच वागावं लागंल."

आणि तो तसा वागला. चेअरमनसाहेबांनी त्याला कामावरून काढलं, तेव्हा त्यानं डोहावरच मुक्काम ठोकला. पुन्हा तिथं इंजन आलं नाही. छावणी तगली. पण महिनाभरात नलूताईंच्या बदलीचा आदेश निघाला, आष्टी तालुक्यात, कडा गावाला. कुणीतरी निरोप आणला, की साहेबांची माफी मागा, बदली रद्द होईल. नलूताईंनी निरोप्याला चहा पाजला आणि विचारलं, "माफी कशाची मागू? तेवढं साहेबाला इचारून या." तो पुन्हा आला नाही.

त्या निघाल्या तेव्हा सामान ट्रकनं पुढं गेलं होतं. त्या सायकलवरच निघाल्या. मी मांजरसुंब्यापर्यंत सोबत गेले. तिथं नुसता गोंधळ. ट्रक, भोंगे, ढाब्यांचा धूर. एका ढाब्यावर आम्ही चहा घेतला. भाजलेल्या तळव्याची नवी कातडी गुलाबी दिसत होती. त्यांना कप धरताना अजून जपावं लागत होतं.

"मंदा, तू आता माघारी जा. घळीतनं जा."

"एकटी? मला भीती वाटते ताई."

"वाटू दे की. मला कुठं वाटत नव्हती त्या दिशी? भ्यावं माणसानं. पण पाय चालू ठेवावा."

त्यांनी पदर खोचला, सायकलवर बसल्या आणि ट्रकांच्या रांगेत शिरल्या. मागं वळून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. धुरळ्यात त्यांची पाठ दिसली, मग एक मोठा ट्रक आडवा आला आणि तो गेल्यावर रस्त्यावर त्या नव्हत्या. पुढं वर्ष-दोन वर्षांनी भेटी होत राहिल्या. कडा गावातच किडनीच्या आजारानं त्या गेल्या. पण माझ्यासाठी त्यांना निरोप देण्याचा दिवस तोच.

मी घळीतून परतले. ऊन तापलं होतं. डोहाजवळ भागवत कड्याच्या सावलीत बसला होता. मला बघून उभा राहिला आणि माझ्यामागच्या मोकळ्या वाटेकडे बघत राहिला.

"ताई गेल्या?"

"गेल्या."

तो पाण्याकडे वळला. म्हणाला, "आता आयतवारी हिकडं कोण येणार?"

"मी येईन," मी म्हणाले.