साडभाऊंचा हिमालय

संतापण्यासारखं या जगात जेवढं म्हणून आहे, त्यातलं निम्मं आमच्या साडभाऊंनी एकट्याने अंगावर घेतलं आहे. उरलेलं निम्मं त्यांच्या नजरेला अजून पडलेलं नाही, एवढंच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पांढरकवड्याजवळ शेती, कापूस आणि तूर. सकाळी उठतात तेच कुणावर तरी चिडून. पाऊस आला तर "आता कायले आला?" आणि नाही आला तर विचारायलाच नको. स्वतःच्या लग्नात बँड बेसूर वाजतो म्हणून या नवरदेवाने घोड्यावरून उतरून बँडवाल्यांना परत पाठवलं, आणि वरात मुक्यानेच मांडवात शिरली. कळंबच्या चिंतामणीला गेलो होतो, तर रांगेत एका म्हातारीला कुणी मागे ढकललं म्हणून हे असे भांडले, की शेवटी म्हातारीच म्हणाली, "जाऊ दे बापू, देव कुठी पळून नाही चालला."

गेल्या वर्षी ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे तीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून साडभाऊ आधी डॉक्टरवर चिडले, मग दवाखान्यातल्या पंख्यावर. ताईंना जन्मात एकदा बर्फाचा डोंगर बघायचा होता. म्हणून त्यांच्या मुलीने आम्हा चौघांची हिमालयातल्या एका आलिशान रेल्वेगाडीची तिकिटं काढून दिली. काचेचं छत, मखमली खुर्च्या, पांढरे हातमोजे घातलेले वाढपी. यावरही ते चिडलेच. "खुर्चीत बसून पहाड पाह्यते का कोनी? पहाड चढून पाह्यते!"

गाडीत बसल्या बसल्या सूप आलं. त्यावर कोथिंबिरीची एकच काडी तरंगत होती. "हे वाढलं का दाखोलं?" असं विचारून साडभाऊंनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. हातपुसणं मात्र त्यांनी उलगडू दिलं नाही, कारण कुणीतरी मेहनतीने त्याचं कमळ केलं होतं. मला आपलं हसू येत होतं. पण गाडी घाट चढायला लागली आणि आमचं हसू थांबलं. आमच्या खुर्च्या कातळाच्या बाजूला होत्या. खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर काळा, ओला दगड पळत होता, आणि वर काचेतून नुसतं आभाळ. दरी, झाडं, बर्फ, जे काही होतं ते सगळं पलीकडच्या खिडक्यांत. आणि आमच्या बरोबर समोरच्या खिडकीत एक गृहस्थ पडदा ओढून मोबाइलवर सिनेमा पाहत होते!

साडभाऊ उठले. मी त्यांचा सदरा धरला, तो सुटला.

"भाईसाब, आपके खिडकी में हिमालय है, और आप परदा लगाके ये क्या देख रहे?"

"मेरी सीट है, मेरा पर्दा है," गृहस्थ मान वर न करता म्हणाले.

मग जे सुरू झालं ते सगळ्या डब्याने ऐकलं. मॅनेजर धावत आला, जागा बदलता येत नाहीत म्हणाला. "मंग आमाले दगड दाखवाले आनलं का? दगड काय आमच्या वावराच्या धुऱ्यावर नाही?" साडभाऊंचा आवाज फुटला होता.

तेवढ्यात ताई खुर्च्या चाचपत स्वतःच पुढे गेल्या. "भाऊ, मेरेको आँख से कम दिखता. थोडा टाइम बैठने देते क्या?"

गृहस्थ उठलेच. पडदा सारला, मोबाइल खिशात घातला आणि कानकोंडे होऊन दाराशी जाऊन उभे राहिले. साडभाऊ त्यावरही फणफणले, "मांगाले काहून लागावं मानसाले?" पण ताईंच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

बाहेर दरी धुक्याने भरली होती. डोंगर असेल तर त्याच्या पलीकडे. बराच वेळ ताई काचेला कपाळ लावून बसल्या. मग दूर एक पांढरा, उन्हाने उजळलेला गोळा वर आला.

"अहो, तो बर्फाचा पहाड हाये का?"

मी नीट पाहिलं. ढग होता. साडभाऊंनीही पाहिलं. मग माझ्याकडे असे डोळे वटारले, की मी तोंड मिटून घेतलं.

"हो," ते म्हणाले. "पहाडच हाये. पाह्यून घे."

परतीपर्यंत खरा डोंगर काही दिसला नाही.

आता ताईंना उजेड आणि सावली एवढंच कळतं. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. साडभाऊ फाटकाबाहेर वीज गेली म्हणून कुणाला तरी फोनवर झापत होते. मी धीर करून ताईंना म्हणालो, पुन्हा जाऊ या का एकदा, आभाळ मोकळं असेल तेव्हा?

"कायले भाऊजी? तो ढग होता, मले तवाच समजलं," ताई म्हणाल्या. "ढग हालते, पहाड हालत नाही. पन या मानसानं माह्या समोर पह्यल्यांदा एखाद्या गोष्टीले न चिडता हो म्हटलं. मंग मी कायले मोडू?"

बाहेर फोन संपला असावा. त्या कान देऊन पावलांची वाट पाहत राहिल्या.