सुभेदारांचं पुसलेलं प्रकरण

“कुणाला हात लावू देऊ नका आणि सेव्ह तर अजिबात करू नका,” एवढं फोनवर सांगून मी सांगलीहून शिराळ्याला निघाले. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम. पोचले तर सुभेदारसाहेब लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेले. जेवणाचं ताटही तिथंच. सूनबाई वैतागल्या होत्या. इस्त्री त्याच खोलीत होती आणि सासरे कुणाला आत सोडत नव्हते.

रिटायर झाल्यावर ते फौजेतल्या आठवणी पुस्तकासाठी स्वतः टाइप करत होते, दर प्रकरणाची वेगळी फाइल. विरामचिन्हं सुधारणारं एक प्लगइन, म्हणजे एडिटरला जोडायची छोटी स्क्रिप्ट, त्यांनी नेटवरून घेतलं. ते चालवलं आणि उघड्या असलेल्या सगळ्या फाइलींत मराठीच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं आली.

कॉम्प्युटर अक्षरं नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणारा नियम म्हणजे एन्कोडिंग. आपली मराठी बहुधा यूटीएफ-८ मध्ये असते. या स्क्रिप्टमध्ये एन्कोडिंग सांगितलंच नव्हतं, म्हणून तिनं जुनं, इंग्रजीपुरतं धरलं. त्यात मराठीला जागाच नाही. पण हा गोंधळ फक्त स्क्रीनवर होता. सेव्ह करेपर्यंत मूळ फाइली शाबूत. मी सगळ्या सेव्ह न करता बंद केल्या, प्लगइन काढून टाकलं, पुन्हा उघडल्या. मराठी परत आली.

एक फाइल सोडून. ती त्यांनी मला फोन करण्याआधीच सेव्ह करून बंद केली होती. दुसरी प्रत नव्हती. नवा हुकूम आला की जुना कागद फाडायचा, ही फौजेची शिस्त त्यांनी घरीही पाळली होती. प्रश्नचिन्हातून अक्षर परत निघत नाही. हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना.

ते प्रकरण त्यांच्या पलटणीतल्या, मेढा गावच्या सोबत्याचं होतं. तो बर्फात गारठून गेला. पुस्तक छापायच्या आधी ते त्याच्या बायकोला वाचून दाखवायचं सुभेदारांनी कबूल केलं होतं, आणि ती वाट बघत होती.

“तुमी लिवा बाई, मी सांगतो,” ते म्हणाले. मी टाइप करू लागले. अर्ध्यावर ते थांबले.

“पयल्यांदा लिवलं तवा त्याला हसत मरायला लावला मी. तसं न्हवतं. थंडीनं रडत हुता. तिचं नाव घेत हुता. त्येच लिवा.”

मी तसंच लिहिलं. डोळे पुसायला मी दोनदा थांबले.

स्क्रिप्टमध्ये एन्कोडिंग स्पष्ट लिहा आणि प्लगइन चालवण्याआधी प्रत काढा, हे मी सगळ्यांना बजावते. निघताना सुभेदारांनाही बजावलं.

“काढतो की,” ते म्हणाले. “पर त्या फाइलीची प्रत असती, तर तिला मी त्येच खोटं वाचून दावलं असतं.”