फ्लेक्सवर माझा फोटो आहे, पण मी तिथे शिकलेली नाही

मंडळी, खांडबाऱ्यात स्टेशनकडे जाताना कॉम्प्युटर क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो दिसेल. "आमची विद्यार्थिनी, आज सॉफ्टवेअर टेस्टर!" टेस्टर आहे मी, पण त्यांची विद्यार्थिनी हे साफ खोटं आहे.

तीन वर्षांपूर्वी मी तिथे प्रवेश मागायला गेले होते. सरांनी बी.ए.ची मार्कशीट परत सरकवली. "टेलरची पोरगी ना तू? शिलाईच कर." मग सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं हे काम मी मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीच शिकले आणि नोकरी मिळवली. कपडा उलटा करून चुका शोधायची सवय अब्बांच्या दुकानात लागलेलीच होती.

आज दुपारी तडक क्लासात गेले. सर हसले. "बेटा, तुन्हंच नाव मोठं व्हई ऱ्हायनं, तुले काय तरास शे?"

तिथे एक मुलगी आईसोबत फॉर्म भरत होती. तिने मला ओळखलं. "ताई, तुम्ही इथेच शिकल्या ना?"

मी एक कोरा फॉर्म ओढला आणि कामावर लिहिते तशी चूक नोंदवली, मोठ्याने वाचत: "काय दिसतं? ही इथे शिकली. खरं काय? हिला इथून हाकललं. दुरुस्ती? फ्लेक्स आजच उतरवा."

आई फॉर्म तिथेच टाकून मुलीला घेऊन गेली.

तासाभराने सरांचा फोन, "उतरवला फ्लेक्स." दुरुस्त झालं म्हटलं की टेस्टर स्वतः जाऊन बघतो. मी गेले. माझ्या नावावर कागद चिकटवलाय, फोटो तसाच हसतोय.

तुमच्या गावच्या फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांना कधी विचारलंय, खरंच तिथे शिकलात का?