पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा शर्ट

ताईंचा सगळा जन्म माणसांच्या मागची भिंत काढण्यात गेला. एकोणिसाव्या वर्षी त्या फोटोच्या दुकानात लागल्या तेव्हा हातात पातं असायचं. फोटोतला माणूस कडेकडेने कापायचा आणि दुसऱ्या कागदावर चिकटवायचा. नवरा परगावी, बायको माहेरी आणि फोटोत मात्र दोघं शेजारी, असे कितीतरी संसार ताईंनी डिंकाने जोडून दिले. पुढे पातं गेलं, माउस आला. ताईंनी महिनाभर नाक मुरडलं, आणि मग असा हात बसवला की मालकसुद्धा अडलं की त्यांच्याच खुर्चीमागे येऊन उभे राहू लागले.

ताईंना एक धाकटा भाऊ. जन्मापासून ऐकू न येणारा, धंद्याने सुतार. घरात दोघांचं बोलणं हातांनीच चालायचं, आणि भांडणही. भांडताना धाकटा डोळे मिटून घ्यायचा, म्हणजे ताईंचं बोलणं आपोआप बंद. या एका गोष्टीवर ताई आयुष्यभर चिडत आल्या होत्या.

त्या वर्षी सरकारी दवाखान्याने ठरवलं की ऐकू न येणाऱ्यांसाठी नाव नोंदायच्या खिडकीवर टीव्हीच्या पडद्यावर हातांच्या भाषेतली हलती चित्रं लावायची. ‘नाव काय’, ‘कुठे दुखतंय’, ‘इथे थांबा’ असे एकंदर आठ प्रश्न आणि सूचना. त्यासाठी गावातल्या सगळ्या कर्णबधिर मंडळींनी मिळून माणूस निवडला तो ताईंचा धाकटा. त्याच्याइतके स्पष्ट बोलणारे हात कुणाचेच नव्हते. ताईंनी ही बातमी दुकानात, शेजारी आणि दळणाच्या गिरणीत सांगितली. गिरणीवाल्याला तर दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा गिरणी चालू होती.

चित्रीकरणाला जाताना धाकट्याने आपला सगळ्यात चांगला, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घातला. दवाखान्याची भिंतही पांढरीच. घोटाळा झाला तो इथे.

चित्रं दुकानात आली ती मंगळवारी सकाळी. पडद्यावर प्रत्येक विभागाचा रंग वेगळा, म्हणून मागची भिंत काढून चित्र पारदर्शक करायचं होतं. मालक म्हणाले, “ताई, हे चुटकीसरशी होतं, बघा.” त्यांनी पांढरा रंग निवडला, बटण दाबलं आणि भिंत गेली. भिंतीबरोबर शर्टही गेला. डोळ्यांतला पांढरा भाग गेला, दात गेले. निळ्या पडद्यावर नुसतं डोकं आणि दोन हात लोंबकळत ‘कुठे दुखतंय’ विचारू लागले.

मालकांनी तेच दवाखान्यातल्या मॅडमना पाठवून दिलं. अर्ध्या तासात फोन आला. “अहो, हे बघून पेशंट पळून जाईल! राहू द्या. आमच्याकडे तयार कार्टूनची बाहुली आहे, तीच लावतो.”

“चित्रीकरण पुन्हा होणार नाही का?” मालकांनी विचारलं.

“कॅमेरावाला एका दिवसापुरताच होता. शुक्रवारी चारपर्यंत नीट करून दिलंत तर ठीक, नाहीतर बाहुली.”

फोनवरचं सगळं ताईंना ऐकू आलं. निवडलेल्या माणसाच्या जागी बाहुली? धाकट्याला काय सांगायचं, आणि कुठल्या हातांनी? त्या मालकांना म्हणाल्या, “उठा. मला बसू द्या.”

आठ हलती चित्रं, प्रत्येकात एकामागून एक दिसणारे वीस स्थिर तुकडे. एकशे साठ वेळा तोच माणूस हाताने कापायचा. पांढऱ्यावर पांढरं, कड दिसेच ना. पण ताईंना कड दिसायची गरज नव्हती. रंधा मारून मारून धाकट्याचा डावा खांदा बोटभर उतरलाय हे त्यांना ठाऊक होतं. त्याची मान कशी वळते हेही ठाऊक होतं. मशीनला जे सापडलं नाही, ते बहिणीला पाठ होतं.

पहिल्या दिवशी तुकडे जोडून बघितले तर पुढचा आला तरी आधीचा पुसलाच जात नव्हता. धाकट्याला दहा हात फुटले. ताई पोट धरून हसल्या आणि ती चूक निस्तरली. मग दुसरी अडचण. या जातीच्या चित्रात अर्धवट पारदर्शक असं काही नसतं. ठिपका एक तर असतो, नाही तर नसतो. त्यामुळे निळ्यावर ठेवलं की कडेने भिंतीची पांढरी किनार उरायची. मालकांनी हात टेकले. ताईंनी मात्र पात्याच्या दिवसांतली रीत काढली. रेषेवर कापायचं नाही, रेषेच्या एक केस आत कापायचं, म्हणजे मागचा कागद डोकावत नाही. किनार गेली.

गुरुवारी त्या उजव्या हाताशी आल्या. धाकट्याच्या उजव्या तर्जनीचं टोक फार वर्षांपूर्वी करवतीत गेलेलं. ताईंनी जन्मभर गिऱ्हाइकांचे तीळ पुसले होते, तिरळे डोळे सरळ केले होते. सवयीनेच त्यांनी डाव्या बोटाचं टोक उचलून उजव्याला जोडलं. साठ-पासष्ट तुकड्यांत, जीव ओतून. बोट असं बसलं की जोड शोधून सापडू नये.

शुक्रवारी दुपारी धाकटा बघायला आला. आधी हरखला. मग पुढे वाकला, आणि त्याचा चेहरा पडला.

‘हे बोट कुणाचं?’ त्याने हातांनी विचारलं.

‘तुझंच. डाव्या हाताचं.’

‘याच हाताने मी बोलतो. सगळे मला याच हाताने ओळखतात. तुला लाज वाटते त्याची?’

या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. ताईंनाच मिटावेसे वाटले. लाज नव्हती हो, माया होती. पण मायेने सुद्धा त्यांनी भावाचा एक तुकडा खोटा केला होता, आणि ते त्यांना झोंबलं. चार वाजायला दोन तास होते. त्यांनी जोडलेलं प्रत्येक बोट काढलं आणि बोथट टोकाची कड पुन्हा एक केस आतून कापली. धाकटा शेजारच्या स्टुलावर बसून एकेक तुकडा तपासत होता आणि मान हलवून पास करत होता. असलं कडक गिऱ्हाईक ताईंनी दुसरं बघितलं नव्हतं.

चारला दहा कमी असताना दोघं दवाखान्यात पोचली. मॅडमनी चित्रं निळ्यावर लावली, हिरव्यावर लावली, गडद तांबड्यावर लावली. भिंतीचा मागमूस नव्हता, शर्ट जिथल्या तिथे कडक.  मग त्या म्हणाल्या, “सुंदर झालंय. फक्त हे बोट जरा पूर्ण करता येईल का?”

“येतं,” ताई म्हणाल्या. “मला करता येतं. पण करणार नाही. ते तसंच आहे.”

मॅडमनी एकदा बोटाकडे बघितलं, एकदा ताईंकडे, आणि बाहुलीची फाइल बंद केली.

सोमवारी खिडकीवर पडदा सुरू झाला. बहीण-भाऊ मुद्दाम बघायला गेले. थोड्याच वेळात कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. तिने वर पाहिलं आणि ती एका हाताने मूल सावरत दुसऱ्याने पडद्यालाच भराभरा उत्तर देऊ लागली. पडदा पुन्हा तेच विचारत राहिला. खिडकीतल्या कारकुनाला ओ की ठो कळेना. मॅडम धावत आल्या. प्रश्न विचारायची सोय झाली होती, उत्तर कळायची कुणी केलीच नव्हती.

तोवर धाकटा पुढे झाला होता. त्याने मुलाच्या कानाला हळूच हात लावला, बाईला काही विचारलं, कारकुनाची पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. ‘दोन दिवस कान दुखतोय. रात्री ताप.’ बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिचे हात आता सैल चालत होते, आणि धाकट्याचेही.

मॅडम ताईंजवळ आल्या. “हा तुमचा कोण?” त्यांनी ताईंना विचारलं.

ताईंचा आवाज खणखणीत निघाला. “माझा धाकटा भाऊ.”

“कोणता, हा की पडद्यावरचा?” मॅडमनी हसून विचारलं.

“दोन्ही,” ताई म्हणाल्या.