कडूबा पोराचं कॉलेज तपासायला निघाला

आमच्या वाटूरच्या कडूबाला त्याच्या आईनं हे नाव दिलं ते कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. दृष्ट लागली नाही, पण कुणावर विश्वास ठेवायची सवयही त्याला कधी लागली नाही. गावच्या शाळेत आम्ही सातवीपर्यंत एकाच पट्टीवर बसलो. मास्तरांनी फळ्यावर बेरीज केली की हा गडी ती पाटीवर पुन्हा करून बघायचा, आणि बराबर निघाली की हिरमुसायचा. मोठेपणी बैल घ्यायचा तर दात, खूर, शेपूट सगळं बघून झाल्यावर विकणाऱ्याच्या गावी जाऊन त्याच्या शेजाऱ्याला विचारून यायचा. लग्नात हळद लावायला आलेल्या बायकांनाही यानं विचारलं होतं, "हळद कोण्या दुकानातली?" त्याची बायको सगुणाबाई ही गोष्ट अजून पोट धरधरून सांगते.

तर या कडूबाचा धाकटा बद्रीनाथ बारावी झाला आणि जालन्यात एमआरआयचं शिकायला लागला. साल असेल दोन हजार चार. एमआरआय म्हणजे काय, तर भल्यामोठ्या चुंबकाच्या जोरावर माणसाच्या आतले फोटो काढायचे. कापायचं नाही, टोचायचं नाही. मला तर ऐकूनच लई आनंद झाला. आपल्या गल्लीतलं पोरगं आता माणसाचा मेंदू बघणार! कडूबा मात्र फाट्यावर कुणाकडून तरी ऐकून आला, की त्या संस्थेत मशीनच नाही.

"अप्पाराव," तो मला म्हणाला, "पोहायची शाळा अन् हिरीत पाणी न्हाई. चाल, न सांगता जाऊ. मशीन नसलं तर पोराला तिथूनच माघारी आणतो. जीप घेऊन देतो. वाटूर-परतूर शिटा भरून फेऱ्या मारील."

बद्रीला साध्या बसमध्ये ओकारी यायची. पण ते कोण लक्षात घेतो?

आम्ही जालन्याला पोचलो. संस्था म्हणजे एका दुकानाच्या माडीवर तीन खोल्या. खाली रस्त्याकडेला गटारासाठी आणलेले सिमेंटचे पाइप पडलेले. त्यातल्या एका पाइपातून दोन पाय बाहेर आलेले, दोन पोरं वरून पत्र्याचा डबा बडवताहेत, आणि एक पोरगी तोंडाशी बसून आत बोलतेय, "काका, घाबरू नका. श्वास बराबर घ्या. हालायचं मात्र बिलकुल नाही."

पाय बद्रीचे होते.

"आरं, काय केलं माझ्या पोराला!" कडूबा ओरडला. बद्री सरपटत बाहेर आला, केसांत माती.

"आबा! तुम्ही कवा आले?"

"गटाराच्या पायपात शिकून राह्यला का रं तू?"

"पेशंट व्हायला शिकून राह्यलो, आबा. मशीन आतून असंच अरुंद ऱ्हातंय अन् असंच ठोकतंय. आत माणसाला काय वाटतं ते आम्हाला कळाया नको?"

कडूबानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही पाइप मीच आणून टाकलेत.

माडीवर पोरांना शिकवणारे शरदचंद्र सर होते. बद्रीनं त्यांना आमची नावं सांगितली. बारीक चणीचे, चष्मा नाकावर आलेला. टेबलावर तीन कोबीचे गड्डे, एक उभा कापलेला, एक आडवा, एक तिरपा. पोरं एकेक काप बघून चित्र काढत होती.

कडूबा माझ्या कानात, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "कॉलेज हाय का खानावळ?"

"संध्याकाळी भाजी होतेच, कडूबाभाऊ," सर हसले. "मशीन माणसाचे असेच काप दाखवतं, न कापता. काप कुठल्या बाजूनं घेतला तेच ओळखू आलं नाही, तर फोटो कशाला काढायचा?"

"ते बराबर हाय. पण मशीन कुठंय?"

"इथे नाही. खोटं कशाला सांगू? औरंगाबादच्या एका दवाखान्यात आहे. पोरांना महिन्यातून एकदा तिथे नेतो. या रविवारी तुम्हीही चला."

जिन्यात कडूबानं माझा दंड धरला. "बघितलं? लगेच कबूल झाला. लई पक्का चोर दिसतो."

रविवारी गेलो. मशीनच्या खोलीबाहेर एक ट्रे ठेवलेला. सर म्हणाले, "लोखंड काही जवळ असेल तर इथे काढा. चुंबक ओढून घेतं, माणसाला लागतं." मी किल्ल्या टाकल्या. कडूबानं चुन्याची डबी टाकली, ती जागेवर आहे ना ते दोनदा बघितलं, आणि हात झटकले. "झालं. आणखी कायबी न्हाई."

सरांनी दार उघडलं. आत ते पांढरं धूड दिसतंय न दिसतंय, तोच बत्ती गेली. भारनियमनाचे दिवस ते. आमच्याकडं बत्ती गेली की पिठाची गिरणी मेली, मोटार मेली. मग त्यात बिनधास्त हात घालायचा, हे लेकराला पण माहीत.

"चला," कडूबा खूश होऊन म्हणाला, "आता कशाचं भ्याव? मशीन मेलं." आणि सरळ दाराकडं निघाला.

बद्री दोन्ही हात पसरून उंबऱ्यात उभा राहिला. "थांबा, आबा. बत्ती गेली तरी ह्याचं चुंबक जितं ऱ्हातंय."

"सरक बाजूला."

"तुमच्याजवळ लोखंड हाय."

"न्हाई म्हणलं ना!"

बद्रीनं वडलांच्या कमरेला हात घातला. सगळ्यांसमोर. धोतराच्या निरीत दडवलेला अडकित्ता बाहेर आला. हा विद्वान म्हणे शहरात काढून ठेवलेली वस्तू माघारी मिळत नाही, म्हणून अडकित्ता लपवून बसला होता!

सरांनी तेवढ्यात टाचणीला दोरा बांधला, दोरा मुठीत घट्ट धरून एक पाऊल आत टाकलं. उघड्या दाराच्या उजेडात आम्ही बघतो तर टाचणी खाली लोंबेचना. मशीनकडं तोंड करून आडवी तरंगायला लागली, दोरा ताठ. मी तर टाळीच वाजवली. कडूबानं एकदा टाचणीकडं बघितलं, एकदा अडकित्त्याच्या धारेकडं, आणि पोटावरून हात फिरवला.

परतीच्या बसमध्ये तो अडकित्ता उघडझाक करत बसला. मी मनात म्हटलं, गेलं पोराचं शिक्षण. चारचौघांत बापाची झडती घेतली, आता हा जीपच आणणार.

घरी सगुणाबाई ओट्यावर उभी. "बद्री कुठंय? आणतो म्हन्ले व्हते ना?"

कडूबा पाय धूत राहिला. "तुझ्या पोरानं भर लोकांत माझी कंबर चाचपली."

"अगं बाई! बापाची?"

"मी न्हाई म्हणलं तरी इस्वास ठेवला न्हाई. बापाच्या तोंडाकडं बघून गप बसला न्हाई." तांब्या खाली ठेवताना मिशीत काहीतरी हललं. "शिकू दे त्याला तिथंच. जीपबीप काय न्हाई आणायची."

सगुणाबाईनं माझ्याकडं बघून कपाळावर हात मारला. "झालं, अप्पारावभाऊ. आता घरात दोन कडूबा."