हमरापूरचा झोपाळू कॉम्प्युटर

"बघा, तुम्ही समोर बसलात की कसा शहाण्यासारखा चालतो," सुजाता म्हणाली.

खरंच चालत होता. भरदुपारी बटण दाबलं आणि चहाचा कप अर्धा व्हायच्या आत विंडोज पडद्यावर हजर. मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून नुसता बसलो होतो. मागे सुजाताचे मोठे दीर मधुकर हाताची घडी घालून उभे. या माणसाला आपण दुसऱ्यांदा बोलावलं, दुसऱ्यांदा चहा पाजला आणि दुसऱ्यांदाही याला काही सापडलेलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

विंडोज ९५ नवं नवं आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी राहायला रोह्याजवळ वरशाला, नोकरी पेणला कॉम्प्युटरच्या एका दुकानात. कार्डावर 'सर्व्हिस इंजिनिअर' असं छापलेलं. मालकांना सगळे भाई म्हणायचे. मशीन विकायचं काम भाईंचं आणि विकल्यानंतरच्या शिव्या खायचं माझं, अशी वाटणी होती.

हमरापूरला घरोघरी गणपतीचे कारखाने. सुजाताच्या सासरीही पिढीजात हेच काम. ती रोह्याची, लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. नवरा एका कंपनीत शिफ्टला. त्याच्या मागे लागून तिने कारखान्यात कॉम्प्युटर आणवला. व्यापाऱ्यांची पत्रं, कोणाच्या किती मूर्ती, कोणत्या उंचीच्या, कोणता रंग, सगळं ती त्यात घालायची. मधुकर धंदा बघायचे. त्यांनी 'बघू' म्हणून परवानगी दिली होती. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सांगायला नको.

थंडीभर मशीन छान चाललं. शिमगा झाला आणि त्याने सकाळी उठायला कुरकुर सुरू केली. सुजाता म्हणायची, "बटन दाबून मी भाजी चिरून येते, तरी ते वाळूचं घड्याळ तसंच." व्यापाऱ्यांचे फोन नेमके सकाळी यायचे. मुंबईचं एक मोठं गिऱ्हाईक लाइनवर थांबलं, थांबलं आणि शेवटी दुसऱ्या कारखान्याकडे गेलं. ते मधुकरना फार लागलं होतं.

पहिल्या खेपेला मी नेहमीचे उपाय केले. विंडोज सुरू होताना आपल्याबरोबर आणखी काही प्रोग्राम उठवतं. कोणी टाकलेलं घड्याळ, कोणी टाकलेला खेळ. पाहुणे वाढले की यजमानाला उशीर होणारच. मी पाहुणे काढून टाकले. मग डिस्कवर इकडेतिकडे पांगलेल्या फाइली एका ओळीत लावणारा प्रोग्राम चालवला. संध्याकाळी ऐटीत निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुन्हा तसंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

आता या दुसऱ्या खेपेला मी व्होल्टेजवर संशय घेतला. मीटर लावला. व्होल्टेज बिचारं बरं होतं.

"इंजिनीअर सायेब, खरं सांगा," मधुकर म्हणाले. "खोट मशीनमधी हाय, का चालवणारीच्या हातात?"

"हातानं मशीन स्लो होत नाही हो."

"मग कशानं होतं?"

मी मीटर गुंडाळायला लागलो. सुजाता हळूच म्हणाली, "दुपारी लाइट जाऊन आली ना, की मग चांगला चालतो."

मधुकर हसले. "लाइट गेल्यावर चांगला चालतो म्हंते. घ्या." मग हसू थांबवून म्हणाले, "वडखळचा एक जण घ्यायला तयार हाय. रविवारी टेंपो घेऊन येतो बोललाय. आपलं हाय ते काम बरं. बायका मूर्तींना पॉलिश पेपर मारतात, ही पण मारंल."

सुजाता मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "पॉलिश पेपरची मला लाज नाय. पण एवढी एकच गोष्ट मी माझी म्हणून या घरात आणलीय. ती माझ्या हातानं बिघडली असं नाव लागून गेली, तर मी परत कशाला हात लावू?"

मी रविवारच्या आत काहीतरी करतो असं बोलून बसलो. काय करणार होतो, ते मलाच माहीत नव्हतं.

दुकानात भाईंचा सल्ला तयार होता. "फॉरमॅट मार." म्हणजे डिस्क पूर्ण पुसायची आणि सगळं पहिल्यापासून भरायचं. आमच्या धंद्यातला हा काढा, कुठल्याही दुखण्यावर चालतो.

"भाई, दुपारी चालतो, सकाळी चालत नाही. बिघडलेलं विंडोज वेळ बघून बिघडतं का?"

"मग सकाळी जाऊन बघ की. तुझी गाडी पेणच्या पुढे हमरापूरलाच थांबते ना? त्याचा वेगळा टीए मागू नको."

भाई कधी कधी असं शहाणपणाचं बोलायचे, पण त्यांना ते कळायचं नाही.

सुजाताला निरोप धाडला की मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका. सकाळची पहिली गाडी धरली. नागोठणं गेलं, कासू गेलं, पेणही मागे पडलं. डब्यात बसून मी तिच्या त्या लाइटच्या बोलण्याचा विचार करत होतो. काल मीही मनातल्या मनात हसलोच होतो. पण लाइट जाऊन येते म्हणजे मशीन नव्याने सुरू होतं. सकाळी सुरू होताना जे नीट होत नाही ते दुपारी नीट होतं. मधल्या वेळात बदलतं काय?

कारखान्याचं दार उघडंच होतं. आत सुजाताचे सासरे होते, आबा. या घराण्याचे मूळ कारागीर. वय झालं होतं, ऐकू कमी यायचं, त्यामुळे घरातल्या कटकटी त्यांच्यापर्यंत कोणी नेत नसे. पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजून तेच करायचे. आखणी म्हणजे रंगवून झालेल्या मूर्तीचे डोळे रेखणं, सगळ्यात शेवटचं काम.

आबा एकेका कच्च्या मूर्तीवरचं प्लास्टिक काढत होते, त्याखालचं ओलं फडकं काढून बादलीत टाकत होते. शाडूच्या मातीची ही रीतच आहे. उन्हाळ्यात अर्धवट मूर्ती रात्री उघडी ठेवली तर वाळून तडकते. म्हणून निजायच्या आधी तिला घट्ट पिळलेलं ओलं फडकं गुंडाळायचं आणि वर प्लास्टिक.

शेवटची मूर्ती झाली. आबा कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले. कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. त्याखाली जुन्या धोतराचं मऊ फडकं होतं. तेही त्यांनी अलगद उचललं, बादलीत टाकलं आणि मॉनिटरच्या काचेवरून एकदा हात फिरवला.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. जवळ जाऊन जरा मोठ्याने विचारलं, "आबा, याला फडकं कधीपासून?"

"शिमगा झाल्यापास्नं. ऊन तापाय लागलं की घालायचंच. नायतर तडकतो."

"कॉम्प्युटर?"

"दिवसभर तापतो तो. मी हात लावून बघतो ना. त्याच्या तोंडाला तर काच हाय, मातीहून नाजूक." मग माझा चेहरा बघून त्यांनी धीर दिला. "घट पिळून घालतो. पानी टिपकत नाय. सूनबाईनं माहेरास्नं शिकून आनलेली विद्या हाय. आपल्याला त्यातलं कळत नाय, तर निदान झाकून तरी ठेवावं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी उगाचच बॅग उघडून स्क्रू ड्रायव्हर शोधू लागलो.

तेवढ्यात सुजाता आली. तिने बटण दाबलं. कॉम्प्युटर उठतो तेव्हा आधी स्वतःची मेमरी मोजतो, काळ्या पडद्यावर आकडे पळतात. ते आकडे अर्ध्यावरच थांबले. खाली इंग्रजीत एक ओळ आली. मी ती वाचणार, तोच सुजाताच्या बोटाने एक बटण दाबलं आणि ओळ गेली.

"हे काय दाबलंत?"

"एफ वन. मशीन बसवायला आलेल्यांनीच सांगितलंय, काय इंग्रजी आलं की एफ वन दाबा, पुढं जातं."

मशीन बसवायला भाई स्वतः आले होते. मी झाकणाचे स्क्रू काढायला घेतले.

मेमरी म्हणजे कारागिराच्या पुढचा पाट. लागेल ते सामान हाताशी पाटावर असतं. डिस्क म्हणजे माळा. पाट अर्धाच मिळाला तर दर मिनिटाला माळ्यावर चढउतार करावी लागते. सुजाताचं मशीन रोज सकाळी हेच करत होतं. त्यात मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. मी झाकण उघडलं. एका पट्टीच्या पितळी दातांवर हिरवट झाक चढली होती. रात्रभर ओलावा आत कोंडायचा आणि सकाळी ती पट्टी मशीनला दिसायचीच नाही. तास दोन तास चालून आतून तापलं की ओल सुकायची. मग लाइट जाऊन आली की मशीन पुन्हा मोजायचं आणि पट्टी दिसायची. सुजाता पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती.

तिला मी फक्त "ओल आहे" म्हटलं. ती चहा टाकायला आत गेली. साधं खोडरबर घेऊन मी दात घासले. पावसाळ्यात मूर्ती सुकवायला जो मोठा बल्ब लावतात तो आबांकडून मागून घेतला आणि उघडं मशीन त्याच्या उबेला ठेवलं. आबा शेजारी येऊन बसले.

"काय निघालं?"

मी बल्ब जरा जवळ सरकवला. मग विचारलं, "आबा, आखणी झालेल्या मूर्तीला ओलं फडकं घालता का?"

"छ्या. रंग उतरंल."

"हा आखणी होऊनच आलाय, आबा. कंपनीतूनच."

आबांनी मशीनकडे पाहिलं. मग बादलीकडे. बादलीतलं ते धोतराचं फडकं वर तरंगत होतं.

"म्हंजे रोज मीच त्याला..."

"थोडीशी ओल हो. घासून निघाली."

त्यांनी बादली पायाने लांब सरकवली. मी पट्टी बसवली, झाकण लावलं. एवढ्यात मधुकर आले, बहुतेक तिसऱ्यांदा माझं अपयश बघायला. मी बटण दाबलं. आकडे पूर्ण पळाले. इंग्रजी ओळ आली नाही. विंडोज झटकन उघडलं.

"काय होतं?" मधुकरनी विचारलं.

उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. "खाडीची हवा. दमट असते. मशीनला बाधते."

"एवढंच? मग आमी तिला उगाच..." मधुकर अर्ध्यावर थांबले.

आबांना कमी ऐकू यायचं, पण नेमकं तेवढं ऐकू गेलं. "कोनाला उगाच?"

मग मधुकरनीच मान खाली घालून सांगितलं. सुजाताच्या हातानं मशीन बिघडलं असं आपण म्हणत होतो, आणि रविवारी ते विकणार होतो.

"हवा नाय बाधली," आबा म्हणाले. "मी बाधलो. रातचं ओलं फडकं मी घालत होतो. तिच्या हाताला नाव ठेवू नको. आन् वडखळवाल्याला सांग, येऊ नको."

सुजाता चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही संतापणार. शिमग्यापासून बोलणी खाल्ली होती तिने, आणि दोष कोणाचा तर ज्यांना उलटून काही बोलता येत नाही त्यांचा. तिने ताट खाली ठेवलं.

"रोज झाकत होता, आबा?"

"रोज गो. चुकलंच माझं."

"मला वाटायचं, या घरात त्याच्याकडे कोण बघत पण नाय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मधुकर मूर्ती मोजल्यासारखं करत बाहेर गेले. आबांना काय करावं सुचेना. त्यांनी ताटातला एक कप उचलून तिच्याच हातात दिला. चहा तिने केलेला, पण प्यायला आधी तिला मिळाला.

वडखळचा टेंपो आला नाही. पुढे कधी त्या बाजूला गेलो की डोकावायचो. आबा रात्री मशीन झाकायचेच, पण कोरड्या फडक्याने. प्लास्टिक सुजाताने काढून ठेवलं होतं.

दुकानात भाईंनी विचारलं, "काय होतं रे?"

"ओल."

"मी म्हटलं नव्हतं, सकाळी जा म्हणून?"

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं मशीनं दुरुस्त केली. दुर्लक्षाने बिघडलेलं मशीन सोपं असतं. धूळ दिसते, उंदराने कुरतडलेली वायर दिसते, माणसंही लाजून कबूल करतात. मायेने बिघडलेलं मशीन मात्र बाहेरून अगदी स्वच्छ असतं. म्हणून कुठेही गेलो की 'मशीन वापरतं कोण' हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, रात्री झाकतं कोण.