वर उचललेले दोन हात

कासोंगोबाबांमुळे मी आज जिवंत आहे. इथे काँगोत मी ट्रक चालवतो. परवा बाजारात चाकाखाली बकरी आली, पण मूल चिरडल्याची आवई उठली. लोकांनी मला खाली ओढलं. लाथांनी दात तुटला. कुणीतरी पेट्रोल मागवलं. तेवढ्यात लेगा जमातीचे हे म्हातारे दोन्ही हात वर करून मध्ये उभे राहिले. एक दगड त्यांच्या कपाळावर बसला, रक्त डोळ्यांवर ओघळलं, तरी हात खाली आले नाहीत. शेवटी गर्दीच थांबली.

आज त्यांनी मला बोटभर हस्तिदंती बाहुली दाखवली, तसेच हात वर केलेली. जमातीतल्या जाणत्यांच्या मंडळाची दीक्षा घेताना ती मिळाली होती.

“हा शरण आलाय का, बाबा?”

“सातवीत शाळा सोडलीस ना, म्हणून तुला तसं दिसतं,” ते हसले. “हा भांडण मिटवतो. दगड एका हाताने उचलतात रे. दोन्ही हात रिकामे दाखवायला छाती लागते.”

परवा गर्दीत माझ्या मुठीत पाना होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांचा नातू माझ्या पुण्याला शिकायला जाणार आहे, आणि इथलं काम संपवून मीही तिकडे परततोय. बाबा, मी भित्रा माणूस आहे. पण तिथे त्याला कधी गर्दीने घेरलं, तर मी मध्ये उभा राहीन.